उभी चौकट, आडवी चौकट

दिल्लीच्या कोपर्निकस मार्गावर आपले जुने महाराष्ट्र सदन आहे. तिथे उतरलेली मराठी माणसे सकाळी चहा घेऊन निघतात आणि रस्ता संपेल तिकडे चालत इंडिया गेट गाठतात. पोचताच मोबाइल उभा धरून फोटो काढतात.

त्यात चूक काही नाही. ४२ मीटर उंचीची कमान उभ्या चौकटीत पायापासून माथ्यापर्यंत नीट बसते. एडविन लट्यन्सने आराखडा केलेल्या या स्मारकाची पायाभरणी १९२१ सालची, उद्घाटन १९३१ सालचे. पहिल्या महायुद्धात आणि तिसऱ्या अफगाण युद्धात कामी आलेल्या ७० हजारांहून अधिक हिंदी सैनिकांसाठी ते उभारले.

पण सैन्यात आम्हाला टेहळणीचे चित्र आडवे काढायला शिकवत. समोरचा मुलूख डावीकडून उजवीकडे वाचायचा. तीच सवय इथे लावून पाहा. कोपर्निकस मार्गाकडून आलात की कमान समोरून दिसत नाही, कडेने दिसते. मोबाइल आडवा करा. उजवीकडे कमान, डावीकडे थोड्या अंतरावर दगडी छत्री. त्या छत्रीखाली पंचम जॉर्जचा पुतळा होता. तो १९६८ साली हटवला. पुढे पाच दशकांहून अधिक काळ छत्री रिकामी राहिली. ८ सप्टेंबर २०२२ रोजी तिथे नेताजींचा २८ फुटी पुतळा आला. म्हणून घरातला जुना आडवा फोटो काढून पाहा. छत्रीखाली कोण आहे, यावरून त्याचा काळ सांगता येतो. नुसत्या कमानीच्या उभ्या फोटोवरून ते कळत नाही.

छत्रीच्या पलीकडे राष्ट्रीय युद्धस्मारक आहे. २०१९ साली झालेले हे स्मारक मुद्दाम बुटके, जमिनीलगत ठेवले आहे. त्यागचक्राच्या गोलाकार भिंतींवर, ग्रॅनाइटच्या विटांवर, स्वातंत्र्यानंतर बलिदान दिलेल्या २५ हजारांहून अधिक जवानांची नावे आहेत.

काही वर्षांपूर्वी आमच्या पलटणीतल्या एका जवानाची आई साताऱ्याहून आली होती. मुलगा काश्मीरमध्ये गेला, त्याला बरीच वर्षे झाली होती. नाव सापडले. तिने विटेवर हात ठेवला. मी मोबाइल उभा धरला. चौकटीत ती आणि ते एक नाव, एवढेच.

फोटो पाहून ती म्हणाली, “साहेब, शेजारची पोरं बी येऊ द्या की. त्यांच्या आया कधी यायच्या हितं?”

मी चार पावले मागे सरलो आणि मोबाइल आडवा केला. ती लहान दिसली, नाव तर वाचताही येईना. पण भिंत दोन्ही बाजूंना लांबवर गेलेली दिसत होती.

दोन्ही फोटो मी छापून तिला पाठवले. भिंतीवर तिने आडवा लावला आहे.

जय हिंद.