काठी, साखळी आणि आर

नगर जिल्ह्यातला, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला, कुठलाही सातबारा उतारा हाती घ्या. क्षेत्र लिहिलेलं दिसेल हेक्टर आणि आर यांत. पण त्याच शेताच्या धन्याला विचारा, "जमीन किती?" तो सांगेल एकर नि गुंठे. कागदावर एक माप, बोलण्यात दुसरं! असं का झालं?

जमिनीच्या मापावर सारा ठरतो. म्हणून राज्य बदललं की मोजण्याची रीतही बदलत आली. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं सतराव्या शतकाच्या आरंभी या मुलखात महसुलाची घडी बसवली. पुढे शिवकाळात जमीन मोजायची काठी होती पाच हात नि पाच मुठींची. पण हात कोणाचा धरायचा, उंच माणसाचा की ठेंगण्याचा? सभासदाच्या बखरीत म्हणूनच काठीची लांबी ८२ तसू अशी नेमकी दिली आहे. २० काठ्या लांब, २० काठ्या रुंद तो बिघा. १२० बिघ्यांचा एक चावर.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांबरोबर एकर आला. त्यांची साखळी ६६ फुटांची; क्रिकेटची खेळपट्टी आजही तेवढीच असते. आपल्याकडच्या मोजणीत तिच्या निम्मी, ३३ फुटी साखळी आली आणि तिचे भाग केले १६ आणे, रुपयाचे करीत तसे. या साखळीचा चौरस म्हणजे गुंठा. ४० गुंठ्यांचा एकर. परक्या मापाला आपला हिशेब जुळला, म्हणून ते जिभेवर रुळलं.

आर आला फ्रान्सहून. राज्यक्रांतीनंतर १७९५ साली तिथल्या कायद्यानं मीटर ठरवला, तो ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग धरून. भारतानं १९५६ च्या कायद्यानं ही पद्धत स्वीकारली. १०० चौरस मीटरांचा आर, १०० आरांचा हेक्टर.

आता व्यवहाराचं पाहा. "हेक्टर म्हणजे अडीच एकर," असं आपण सहज बोलून जातो. पण अडीच एकरांचे होतात १०१.१७ आर. म्हणजे अडीच एकरांचे पैसे मोजून एक हेक्टर घेतला, तर गुंठ्याहून अधिक जमीन पदरात कमी पडते. जिथं हातभर बांधासाठी भाऊ भाऊ कोर्टाची पायरी चढतात, तिथं गुंठा काही थोडा नव्हे! तेव्हा बोलणी खुशाल एकरात करा. सही करण्याआधी मात्र आर मोजून घ्या.