जकातीचा रांजण

मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे ‘जकात’ या शब्दाचा घोटाळा मला दरवर्षी सोडवावा लागतो. मराठीच्या तासाला जकात म्हणजे नाक्यावरचा कर. घरी रमजानमध्ये जकात म्हणजे गरिबाचा हक्क. शब्द एकच, अरबीतून फारसीमार्गे आलेला. जुन्नरच्या मुलांना उदाहरण लांब शोधावं लागत नाही. नाणेघाटातला दगडी रांजण सगळ्यांनी सहलीत पाहिलेला असतो. सातवाहनांच्या काळी त्यात जकात जमा व्हायची, असं सांगतात.

रांजणापाशी फोटो काढून आपण परततो, आणि घाटातली पाण्याची टाकी बघायची राहून जातात. तिथल्या एका ब्राह्मी लेखात म्हटलंय की ही ‘पोढी’ सोपाऱ्याच्या गोविंददासाचं दान. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं, सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा. कोकणातून घाट चढून आलेल्या मुसाफिराला आधी काय लागतं, हे त्याला ठाऊक असणार.

जुन्नरच्या लेण्यांतले सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख वाचले की राजांपेक्षा अशीच माणसं जास्त भेटतात. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघटनेने, मिळून सात खोल्यांचं लेणं आणि एक पोढी दिली. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप दिला. परदेशी माणसं, पण दान इथल्या डोंगरात. काही ठेवी तर बुरूड आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या होत्या. ठेव सांभाळायला सावकार नव्हे, हाताने काम करणारे लोक! मूळ तसंच ठेवून उत्पन्न धर्मकार्याला लावायचं, ही रीत वक्फ जाणणाऱ्या वाचकाला ओळखीची वाटेल.

हे सारं घर सोडलेल्या भिक्खूंसाठी होतं. पावसाळ्यात एका जागी राहायला त्यांना छप्पर हवं असे. अर्थात त्यांनी घर आपणहून सोडलं होतं. आज उघड्यावर झोपणाऱ्याने ते सोडलेलं नसतं.

आपल्या जुन्नर-आंबेगावात दिवाळीच्या सुमारास बीड-नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि शेताच्या कडेला कोप्या घालून राहतात. गावी त्यांचं घर असतं, पण हंगामात इथे ते बेघरच. त्यात हा बिबट्यांचा मुलूख, आणि बिबट्या राहतो त्याच उसात.

गेल्या हंगामात आम्ही पाच शिक्षकांनी दरमहा २०० रुपये काढायचे ठरवले. आमच्यातल्या एकाने विचारलं, हे जकातीत बसतं का? जकातीच्या आठ हकदारांत मुसाफिर आहे, इब्नुस्सबील. पण मसल्यात न शिरता मी म्हटलं, हे सदक्यातून करू, जकातीचं मौलानांना विचारू. पहिल्या महिन्यात सवयीने चादरी घेतल्या. एका बाईने चादर परत केली. म्हणाली, “सर, पांघरूण हाय आमच्याकडं. उजेड न्हाई. रात्री पोरगं बाहेर बसाया उठलं की जीव थाऱ्यावर राहत न्हाई.” दोन हजार वर्षांपूर्वीच्या गोविंददासाचं कौतुक करणाऱ्या मला, समोरच्या माणसाला काय लागतं ते विचारायचं सुचलं नव्हतं.

पुढच्या पैशांतून सौरदिवे घेतले, मग दोनशे लिटरचा ड्रम. पाणी जवळ असलं की पहाटे अंधारात विहिरीवर जावं लागत नाही. मार्चमध्ये टोळी गेली. ड्रम शेतमालकाने पुढच्या टोळीसाठी पडवीत ठेवून घेतला. त्यावर देणाऱ्यांची नावं घालावीत असं एकाचं म्हणणं होतं, पण बाकीच्यांनी ते हाणून पाडलं. यंदा त्याला तोटी बसवायची आहे.