दांपत्यातील कामसुख : मराठी विचार

दीर्घ सहजीवनात पती व पत्नी या दोघांना मिळणारे शारीरिक-मानसिक समाधान, त्याविषयीचे मराठीतील लेखन आणि त्यावरून झालेले वाद.

पूर्वपीठिका : माहाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’त गोदाकाठच्या संसारातील ओढ, रुसवा व विरह बरेचदा स्त्रीच्याच तोंडून येतात. संकलनाचे श्रेय सातवाहन राजा हाल याला देतात. काळाबद्दल मतभेद आहेत. स्त्रीला पुरुषासारखेच सुख असते, म्हणून तिचे समाधान आधी व्हावे, असा निर्णय वात्स्यायनाने ‘कामसूत्रा’त दिला आहे.

र. धों. कर्वे (१८८२–१९५३) : आधुनिक मराठीत हा प्रश्न उघडपणे मांडण्याचे श्रेय निर्विवादपणे कर्व्यांचे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे ज्येष्ठ पुत्र मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवीत. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढले. ब्रिटिश संततिनियमन-प्रचारक मेरी स्टोप्स यांचे लंडनमधील केंद्रही त्याच वर्षीचे. या प्रचारापायी कर्व्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. त्यांनी व पत्नी मालतीबाईंनी अपत्य न होऊ देण्याचे ठरवले होते. त्यासाठी कर्व्यांनी स्वतः शस्त्रक्रिया करून घेतली.

जुलै १९२७ पासून मृत्यूपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. कामसुख व प्रजोत्पादन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सुखावर स्त्रीचा हक्क पुरुषाइतकाच आहे, हे त्यांचे मुख्य प्रतिपादन. गर्भधारणेची धास्ती असेल तोवर पत्नीला मोकळेपणा येणार नाही, ही त्यातली कळीची जाणीव. ‘आधुनिक कामशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ १९३४ चा. मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखाबद्दल त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ चा खटला वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून होता. कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवली. तरीही २०० रुपये दंड झाला. अमोल पालेकरांचा ‘ध्यासपर्व’ (२००१) हा चित्रपट कर्व्यांच्या जीवनावर आहे.

उत्तरकाळ : या विषयावर पुढे काम करणारे – शकुंतला परांजपे (संततिनियमन कार्य, पुणे), डॉ. विठ्ठल प्रभू (‘निरामय कामजीवन’), डॉ. प्रकाश कोठारी (के. ई. एम. रुग्णालय, मुंबई).

वैद्यक : रजोनिवृत्तीनंतर योनिमार्ग कोरडा पडून संबंध दुखरा होऊ शकतो, त्यावर उपचार आहेत. पुरुषांत मधुमेह, उच्च रक्तदाब व काही औषधांमुळे ताठरता कमी होऊ शकते, आणि ही घट हृदयविकाराची आगाऊ सूचनाही असू शकते. इच्छा ओसरणे हे प्रेम आटल्याचे लक्षण मानू नये.

संमती : बालपणी झालेले लग्न अमान्य करून पतीकडे नांदायला जाण्यास रखमाबाईंनी नकार दिला. १८८७ मध्ये न्यायालयाने ‘नांदा, नाहीतर तुरुंगात जा’ असा आदेश दिला, तेव्हा त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली. विवाहातील संमतीच्या बाबतीत कायदा आजही अपुरा आहे : एकत्र राहणारी पत्नी १८ वर्षे पूर्ण झालेली असल्यास तिच्या इच्छेविरुद्ध पतीने केलेला संभोग भारतीय न्याय संहितेनुसार (२०२३) बलात्कार ठरत नाही.