हॉटेलातली तारामती

भारतातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाची नायिका दाढी-मिशी काढून साडी नेसायची. तिचं नाव अण्णा साळुंके.

1912 साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणून दादरमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’च्या तयारीला लागले. राजा मिळाला, दत्तात्रय दामोदर दाबके. रोहिदास घरातच होता, फाळक्यांचा मुलगा भालचंद्र. अडलं राणीपाशी. सिनेमात काम म्हणजे बदनामी, म्हणून वेश्यावस्तीतूनही नकार आले. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा नाजूक अंगाचा तरुण फाळक्यांच्या नजरेत भरला. त्याला महिना 10 रुपये मिळत. फाळक्यांनी 15 देऊ केले. पाच रुपये जास्त देऊन भारतीय सिनेमाला तारामती मिळाली. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लोकांनी तिला पाहिलं.

पुरुषाने साडी नेसणं तेव्हा नवं नव्हतं. रंगभूमीवर बालगंधर्व होतेच. पण त्यांच्याकडे गळा होता. सूर लागला की प्रेक्षक बाकी सगळं विसरत. मूकपटात तो आधार नाही. साळुंक्यांकडे फक्त मान, डोळे, हात आणि पदर. त्यावरच त्यांनी राणी उभी केली.

1917च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम तेच आणि सीताही तेच. पडद्यावर राम आला की लोक चपला काढून हात जोडत. नंतर सीतेसाठी हळहळणारेही तेच, आणि दोन्ही वेळा समोर माणूस एकच.

दरम्यान 1913च्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या होत्या. 1919च्या ‘कालियामर्दन’मध्ये तर फाळक्यांची मुलगी मंदाकिनीच कृष्ण झाली. साळुंके पुढे कॅमेऱ्यामागे गेले आणि छायाचित्रकार म्हणून काम करू लागले.

आपण ही गोष्ट एकमेकांना गंमत म्हणून फॉरवर्ड करतो. पण साळुंक्यांना ते काम मिळालं, कारण बायकांना दार बंद होतं. त्यांची मेहनत खरी होती, आणि तो अन्यायही खरा होता. म्हणून साळुंक्यांचं नाव घ्यावं, तेव्हा दुर्गाबाईंचंही घ्यावं. एकाने रिकामी जागा भरून काढली, दुसरीने बदनामी पत्करून तीच जागा आपली म्हणून घेतली.