डेडस्टॉकमधला संगणक

शाळेच्या दप्तरात 'डेडस्टॉक रजिस्टर' नावाची एक जाडजूड वही असते. बाकापासून पृथ्वीच्या गोलापर्यंत प्रत्येक टिकाऊ वस्तू तीत नोंदलेली असते, आणि वस्तू निकामी ठरली की तिच्यापुढे 'निर्लेखित' असा शेरा पडतो. इतिहासाचा शिक्षक म्हणून नोकरीला लागलो त्याच सुमारास अशा एका यादीवर मी सही केली होती. तीत एक बीबीसी मायक्रो संगणक होता.

१९८४-८५ साली केंद्र सरकारने 'क्लास' ही योजना काढून देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीचे हे संगणक बसवले. त्यांतला एक आमच्याकडे आला. पुढे शिकवणारे गुरुजी बदलून गेले, यंत्र कापडाखाली झाकून राहिले आणि शेवटी भंगारवाल्याने ते वजनावर नेले. कोणाला काही वाटले नाही, मलाही नाही.

त्याची आठवण झाली ती दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत. बंगळुरूला अभियंता असलेला माझा एक माजी विद्यार्थी भेटायला आला तो पिशवीत कमोडोर ६४ घेऊनच. १९८२ साली अमेरिकेत निघालेला हा घरगुती संगणक. झाकण उघडून त्याने आतली एक लहानशी पट्टी दाखवली.

"सर, ही चिप मूळची नाही. ही मी घरी लिहिलीय."

"चिप लिहितात?"

"लिहितातच म्हणतात, सर. आणि खोडताही येते."

सौ.ने आणलेला फराळ तसाच राहिला. त्याने जे समजावले ते माझ्या इतिहासाच्या डोक्यात असे उतरले. या संगणकाचा प्रोसेसर ६४ किलोबाइटइतकेच पत्ते ओळखतो. पण आत ६४ किलोबाइट रॅम, शिवाय २० किलोबाइट कायमस्वरूपी रॉम, आणि वर पडदा, आवाज, कळफलक यांची सोय! म्हणजे एकाच घर नंबरावर दोन-दोन, तीन-तीन बिऱ्हाडे. हाक आली की कोणी 'ओ' द्यायची हे ठरवणारी असामी वाड्याच्या दारात हवीच. ती असामी म्हणजे 'पीएलए' नावाची २८ पिनांची चिप. ती बिघडली की सारे यंत्र मुके.

सुरुवातीला या जागी सिग्नेटिक्स कंपनीची ८२एस१०० ही चिप वापरत. १९७५ च्या सुमारास ती बाजारात आली. तिच्या आत तारांची जाळी असते. नको ते बारीक जोड विजेने जाळून टाकले की उरते ते आपले तर्कशास्त्र. एकदा जाळले की कायमचे. १९७८ मध्ये बर्कनर आणि चुआ या दोघांनी मोनोलिथिक मेमरीज कंपनीत हीच कल्पना सोपी आणि स्वस्त करून 'पॅल' चिप काढली. १९८५ मध्ये लॅटिस कंपनीची 'गॅल' आली. ती विजेनेच पुसता येऊ लागली. जळती पाटी जाऊन धुवायची पाटी आली म्हणा ना.

कमोडोर कंपनी १९९४ मध्ये बुडाली. पीएलए चिप चालताना तापते, आणि जुन्या यंत्रांत ती दगावणे ही नेहमीची गोष्ट. सुटा भाग आणायचा कोठून? हौशी मंडळींनी मग मूळ चिपलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली. तिला १६ वाटांनी संकेत येतात, म्हणजे प्रश्न ६५,५३६. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर टिपले की संपूर्ण सत्यता सारणी हाती आली.

ही सारणी बरोबर त्याच आकाराच्या ईप्रॉममध्ये भरून काहींनी ती पीएलएच्या जागी बसवली. बहुतेक काम चालले, पण काही खेळांची कार्ट्रिजे अडू लागली. उत्तरे अचूक होती. मात्र ती मूळ वेळेत येत नव्हती, आणि एका उत्तरावरून दुसऱ्यावर जाताना ईप्रॉम क्षणभर भलतेच काही बोलून जाई. हिशेब सेकंदाच्या अब्जाव्या भागांचा! सनावळी चुकलेली बखर वाचताना मी असाच अडखळतो.

मग सारणीवरून मूळ समीकरणे शोधली गेली. ती जेमतेम पानभर. कोणी ती दोन गॅल चिप्समध्ये बसवतो, कोणी झायलिंक्सच्या एका मोठ्या प्रोग्रॅमेबल चिपमध्ये. गंमत अशी, की त्या मालिकेचे उत्पादन बंद करत असल्याचेही २०२४ मध्ये जाहीर झाले. म्हणजे पर्यायही निर्लेखित! पण समीकरणे कागदावर आहेत. बखरीच्या नकला करतात तशी ती उद्या तिसऱ्याच चिपमध्ये उतरवता येतील. मूळ चिप जपून ठेवण्यापेक्षा मला हे काम मोठे वाटते.

टीव्हीला जोडल्यावर निळ्या पडद्यावर अक्षरे उमटली. मी बिचकत बीबीसी मायक्रोचे विचारले. "त्यातल्या चित्राच्या चिपलाही आता पर्याय निघालाय, सर. कुठे आहे तो?"

मी विषय बदलला.

यंदाची निर्लेखनाची यादी टेबलावर आहे. चार संगणक, एक प्रोजेक्टर, दोन रेडिओ. लेखनिकांनी दोनदा आठवण केली. त्या मुलाला मी पत्र टाकले आहे. तो डिसेंबरात येतो म्हणतो. तोवर सही करणार नाही.