देवाची योजना, बायबलचं रोजचं वाचन आणि एक उघडं दार: निफाडच्या रानड्यांनी १८९३ साली पंडिता रमाबाईंची साथ का सोडली?

पुण्यात १८९३ साली एका खोलीच्या दारावरून मोठा वाद पेटला. खोली होती पंडिता रमाबाईंची. शारदा सदन या त्यांच्या संस्थेत विधवा आणि निराधार मुली शिकत होत्या. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. रोज आपल्या खोलीत त्या बायबल वाचायच्या, प्रार्थना करायच्या, आणि त्या वेळी दार लावून घ्यायच्या नाहीत. सदनातल्या काही मुली येऊन बसायला लागल्या. रमाबाईंनी कुणाला बोलावलं नाही, पण आलेल्यांना उठवलंही नाही.

बातमी बाहेर गेली. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, पालकांनी मुली काढून न्यायला सुरुवात केली आणि सदनाच्या सल्लागार मंडळातल्या बड्या मंडळींनी अंग काढून घेतलं. त्यात डॉ. रा. गो. भांडारकर होते आणि न्या. महादेव गोविंद रानडेही होते.

यातली गंमत अशी की रानडे काही देवधर्म न मानणारे नव्हते. धर्मग्रंथाच्या वाचनाला नाकं मुरडणारे तर मुळीच नव्हते. रोजचं वाचन, रोजचं मनन आणि जगाचा कारभार ईश्वराच्या हेतूने चालतो ही श्रद्धा रमाबाईंइतकीच त्यांच्याकडेही होती. मग बिनसलं कुठे?

निफाडचे रानडे काय मानायचे?

नाशिक जिल्ह्यातलं निफाड आज द्राक्षं, कांदा आणि हिवाळ्यात घसरणाऱ्या पाऱ्यासाठी बातम्यांत असतं. १८ जानेवारी १८४२ रोजी रानड्यांचा जन्म इथे झाला. वडील सरकारी नोकरीत. पुढे कुटुंब कोल्हापूरला गेलं आणि महादेवरावांचं बालपण तिथे गेलं.

३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. डॉ. आत्माराम पांडुरंग त्याचे पहिले अध्यक्ष. रानडे आणि भांडारकर लवकरच त्यात आले. ईश्वर एक आहे, त्याची प्रेमाने उपासना करावी, मूर्तिपूजा नको, अशी समाजाची भूमिका होती. आणि आपल्या विषयासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, कुठलाही एक ग्रंथ ईश्वराने जसाच्या तसा दिला आहे आणि त्यात चूक असूच शकत नाही, हे समाजाला मान्य नव्हतं. म्हणून त्यांच्या उपासनेत संतांचे अभंग आले. उपनिषदंही आली आणि इतर धर्मांतलं चांगलं तेही आलं.

घरी रानड्यांचा दिवस पहाटे अभंगांनी सुरू व्हायचा. तुकाराम, नामदेव हे त्यांचे रोजचे सोबती. रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० च्या पुस्तकात नवऱ्याचं हे रूप दिसतं. (वाचताना गल्लत होऊ नये: रमाबाई रानडे म्हणजे न्यायमूर्तींच्या पत्नी. पंडिता रमाबाई वेगळ्या. दोघी एकमेकींना चांगल्या ओळखत होत्या.)

देशाच्या इतिहासातही ईश्वराचा हात आहे असं रानडे जाहीरपणे म्हणत. १८९३ च्याच अखेरीस लाहोरच्या सामाजिक परिषदेत त्यांनी भारत ही वचनदत्त भूमी आणि इथले लोक हे निवडलेले लोक असल्याचं सांगितलं. या दोन्ही कल्पना थेट बायबलमधल्या, इस्राएलच्या कथेतल्या. म्हणजे बायबल वाचणाऱ्या सदनापासून त्यांनी ज्या वर्षी हात काढून घेतला, त्याच वर्षी देशाबद्दलचा विश्वास सांगायला भाषा मात्र बायबलची वापरली.

रोज बायबल वाचायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

बायबल हे एक पुस्तक नसून ग्रंथसंग्रह आहे. प्रोटेस्टंट परंपरेत त्यात ६६ पुस्तकं आहेत, कॅथलिक परंपरेत ७३. ६६ पुस्तकांचे मिळून १,१८९ अध्याय होतात. रोज तीन ते चार अध्याय वाचले तर वर्षभरात पूर्ण होतं. स्कॉटलंडमधले पाळक रॉबर्ट मरे मॅक्शेन यांनी १८४२ मध्ये, योगायोगाने रानड्यांच्या जन्मवर्षी, आपल्या मंडळीसाठी एक तक्ता केला. रोज साधारण चार अध्याय वाचले की वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रसंहिता दोनदा असा त्याचा हिशोब. तो आजही वापरात आहे. कॅथलिक चर्चमध्ये रोजच्या मिस्सासाठी वाचनं ठरलेली असतात. रविवारचं चक्र तीन वर्षांचं, इतर दिवसांचं दोन वर्षांचं.

पण भराभर अध्याय संपवणं म्हणजे मनन नव्हे. मनन म्हणजे थोडंच वाचायचं, तेच पुन्हा वाचायचं, यात मला काय सांगितलं जातंय असं विचारायचं आणि मग प्रार्थना करायची. बाराव्या शतकातला ग्विगो नावाचा मठवासी साधू वाचन, मनन, प्रार्थना आणि शांत चिंतन अशा चार पायऱ्या लिहून गेला आहे. ज्ञानेश्वरीचं पारायण करणं आणि एकाच ओवीवर आठवडाभर थांबणं यात जो फरक आहे, तोच इथेही. अनेक जण वही ठेवतात, तारीख टाकून दोन ओळी लिहितात. या वहीचा खरा उपयोग सहा महिन्यांनी मागची पानं उलटताना होतो. आपण कशाची भीती बाळगली होती आणि घडलं काय, हे तिथे आपल्याच अक्षरात सापडतं.

'देवाची योजना' म्हणजे नशीब का?

इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो. देवाच्या योजनेबद्दल सांगताना हमखास यिर्मयाच्या २९ व्या अध्यायातलं ११ वं वचन दिलं जातं. देवाच्या मनात तुमच्या हिताचे विचार आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा आहे, असा त्याचा आशय. परीक्षेआधी, मुलाखतीआधी, लग्न ठरत नसताना हे वचन मोबाइलवर पाठवलं जातं.

हे वचन मुळात एका पत्रातलं आहे. यरुशलेमहून पकडून बाबेलला नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने ते लिहिलं. आपण लवकरच घरी परतणार असं या लोकांना वाटत होतं, आणि तसं सांगणारे संदेष्टेही त्यांच्यात होते. यिर्मया नेमकं उलट सांगतो. ११ व्या वचनाच्या अगदी आधी, १० व्या वचनात, ७० वर्षांचा आकडा आहे. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. तोवर काय करायचं? घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलांची लग्नं करा आणि ज्या शहरात कैद होऊन आलात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

द्राक्षबाग लावणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पहिलं पीक यायलाच धीर धरावा लागतो, आणि तोंडाशी आलेला घास अवकाळी पावसाने जाऊ शकतो. यिर्मयाच्या पत्रात तसलं काही होणार नाही याची हमी नाही. बाग लावा, इतकंच आहे.

एकच वचन वेगळं काढून वाचणं आणि रोज ओळीने वाचत जाणं यातला फरक इथे कळतो. ओळीने वाचणाऱ्याला ईयोब भेटतो. त्याची मुलं जातात, संपत्ती जाते, शरीर फोडांनी भरतं, आणि 'यात तुझंच काहीतरी चुकलं असणार' असं मित्र ऐकवत राहतात. शेवटी देव रागावतो तो या मित्रांवर. १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची, तक्रारीची आहेत. देवावर भरवसा ठेवणारी माणसंच तिथे देवाला जाब विचारतात.

तेव्हा आजारी माणसाला किंवा घरात मार खाणाऱ्या बाईला 'देवाची इच्छा' म्हणून गप्प बसवणं, हे या ग्रंथाच्या नावावर खपवता येणार नाही. डोळे मिटून कुठलंही पान उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आजचा आदेश समजायचा, हीदेखील मननाची पद्धत नाही. तो कौल लावण्याचाच प्रकार झाला.

मग १८९३ मध्ये चूक कुणाची?

पंडिता रमाबाईंचं ख्रिस्ती होणंही वाचनातूनच घडत गेलं होतं. त्या अनंतशास्त्री डोंगरे यांची मुलगी, लहानपणापासून संस्कृतात वाढलेल्या. कोलकात्यात त्यांना संस्कृत बायबल मिळालं तेव्हा ते त्यांना रुचलं नव्हतं. पुढे लग्नानंतर सिल्चरला घरातल्या पुस्तकांत लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली आणि ती त्या ओढीने वाचत गेल्या. नवरा १८८२ मध्ये कॉलऱ्याने गेला. त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज उभा केला. रानडे तेव्हा पाठीशी होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरीही १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं तेव्हा रानडे सल्लागार झाले. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. कुणाचाही धर्म बदलला जाणार नाही, हा शब्द हीच या सगळ्या मदतीची अट होती.

रानड्यांची अडचण खोटी नव्हती. सदनातल्या मुली वयाने लहान, बऱ्याच विधवा, जायला दुसरी जागा नसलेल्या. जिच्या आधारावर आपण जगतो ती बाई रोज समोर बसून प्रार्थना करते, तेव्हा तिथे जाऊन बसणं किती स्वेच्छेचं? पालकांना शब्द दिला होता तो रानडे-भांडारकरांसारख्यांच्या नावावर.

रमाबाईंची बाजूही तितकीच पक्की होती. सदनातल्या मुलींना आपापल्या देवांची पूजा करण्याची मोकळीक होती. मग फक्त संचालिकेनेच आपला देव दाराआड का लपवायचा? दार बंद करणं म्हणजे आपल्या श्रद्धेची लाज वाटते असं कबूल करणं, असं त्यांना वाटत होतं.

दोघांचाही ईश्वराच्या हेतूवर विश्वास होता. तो हेतू कसा ओळखायचा, यावर मात्र एकमत होणं शक्य नव्हतं. रानड्यांच्या लेखी तो इतिहासातून, संतवचनांतून आणि विवेकातून हळूहळू उलगडतो, त्यामुळे समाजाला बरोबर घेऊन चालणं हाही त्याचाच भाग. रमाबाईंच्या लेखी तो या एका ग्रंथात सापडतो, आणि सापडला की लोक काय म्हणतील याची वाट पाहायची नसते.

आणखी एक योगायोग. त्याच १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत कवी ना. वा. टिळकांना एका युरोपीय प्रवाशाने नवा करार दिला. हाती घेतलेलं पुस्तक संपवायचंच म्हणून ते पेन्सिलने खुणा करत वाचू लागले आणि मत्तयमधल्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या वाचनाची किंमत पत्नी लक्ष्मीबाईंनी, नाशिकजवळच्या जलालपूरच्या लेकीने, काही वर्षांच्या ताटातुटीने मोजली. ती हकीकत त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त आहे.

पुढे काय झालं?

रानडे १८९३ मध्येच मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचं निधन झालं.

रमाबाईंचं सदन बंद पडलं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुली-बायकांना आणून पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आसरा दिला. तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं. मग त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतलं. उपलब्ध मराठी बायबलची भाषा साध्या बायकांना जड जाते, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत पूर्ण बायबलचा अनुवाद करायला बसल्या. जुळणी आणि छपाई केडगावच्या बायकांनीच केली. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम चालू राहिलं. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. अनुवाद तोवर झाला होता. छापील ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.