उसने कवच, नवा कान : मायक्रोफोनच्या 'डोनर बॉडी'ची शंभर वर्षे

'बीएम-८००' या नावाने विकला जाणारा स्वस्त मायक्रोफोन आज भारतातील अनेक विद्यार्थ्यांच्या टेबलावर दिसतो. धातूचे जाड नळकांडे आणि वर जाळीचे भरदार डोके असा त्याचा थाट स्टुडिओतील मौल्यवान मायक्रोफोनचा असतो. मात्र जाळी उघडली की आत दीड सेंटिमीटरच्या आसपास व्यासाची एक छोटी कॅप्सूल तेवढी आढळते. ग्राहकाला ही फसगत वाटावी. हौशी तंत्रज्ञांना मात्र येथेच संधी दिसली. आतील भाग काढावेत, कवच ठेवावे आणि त्यात स्वतः जुळवलेला परिपथ व निवडून घेतलेली कॅप्सूल बसवावी, ही रीत जगभर रूढ झाली. अशा कवचाला त्यांच्या बोलीत 'डोनर बॉडी' म्हणतात. कोणते कवच घ्यावे, हा प्रश्न वरवर बाजारहाटीचा वाटतो. त्याचे उत्तर मात्र मायक्रोफोनच्या इतिहासात दडलेले आहे.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेतील ई. सी. वेंट या शास्त्रज्ञापाशी होतो. १९१७ साली त्याने कंडेन्सर मायक्रोफोनचे वर्णन करणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. एक ताणलेला पातळ पडदा आणि त्यामागे अगदी थोड्या अंतरावर एक स्थिर पट्टिका, एवढीच त्याची मूळ रचना. ध्वनीने पडदा थरथरला की दोहोंतील अंतर बदलते, त्याबरोबर विद्युत धारकता बदलते आणि ध्वनीचे विजेच्या संकेतात रूपांतर होते. ही धारकता अतिशय अल्प, काही दशक पिकोफॅरडची असते. असा दुर्बळ संकेत लांब तारेतून थेट पाठवला, तर तारेची स्वतःची धारकताच त्याला गिळून टाकते. म्हणून पहिला प्रवर्धक पडद्याच्या अगदी शेजारी ठेवावा लागला. मायक्रोफोनला भारदस्त धड मिळाले ते या भौतिक सक्तीमुळे. जर्मनीत गेओर्ग नॉयमान याने १९२८ साली बाजारात आणलेला सीएमव्ही-३ त्याच्या आकारामुळे 'बाटली' म्हणूनच ओळखला गेला. त्या बाटलीत निर्वात नळीचा प्रवर्धक सामावलेला होता.

पुढे ट्रान्झिस्टर आले आणि धडातील गर्दी ओसरली. १९६६ साली नॉर्वेच्या नभोवाणीसाठी नॉयमान कंपनीने अशी व्यवस्था केली, की ज्या तारांतून ध्वनीचा संकेत जातो त्याच तारांतून मायक्रोफोनला वीजही मिळावी. तेथील स्टुडिओंत आणीबाणीच्या दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीपासूनच होता, म्हणून तोच आकडा निवडला गेला. आज गावातल्या छोट्या ध्वनिमुद्रण कक्षातील मिक्सरवरही '४८ व्ही' असे बटण असते, त्याचे मूळ हे असे दिव्यांत आहे.

खरी क्रांती १९६२ साली बेल प्रयोगशाळेत झाली. गेर्हार्ड सेस्लर आणि जेम्स वेस्ट यांनी पातळ प्लास्टिकच्या पडद्यावर विद्युतभार कायमचा साठवून ठेवणारा इलेक्ट्रेट मायक्रोफोन तयार केला. मेणापासून इलेक्ट्रेट बनवण्याचे प्रयोग जपानमध्ये १९२० च्या सुमारासच झाले होते. पण टिकाऊ भार धरणाऱ्या टेफ्लॉनसारख्या पातळ पापुद्र्याने ही कल्पना व्यवहारात उतरवली. कॅप्सूलला बाहेरून ध्रुवण-व्होल्टता देण्याची गरज संपली आणि मायक्रोफोन नखाएवढा लहान व कमालीचा स्वस्त झाला. बीएम-८०० च्या डोक्यात बसलेली ती छोटी कॅप्सूल याच शोधाचे अपत्य आहे. त्यामुळे तिला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. दोष असतो तो बहुधा तिच्या भोवतीच्या काटकसरीच्या परिपथात.

मोठ्या कॅप्सूलची गोष्टही बोधप्रद आहे. १९६० साली आलेल्या नॉयमान यू-६७ मधील के-६७ ही कॅप्सूल उच्च वारंवारतेला मुद्दाम अधिक उठाव देते आणि त्या मायक्रोफोनचा परिपथ तोच उठाव नंतर मोजून खाली आणतो. दोघांचे हे ठरलेले सहकार्य आहे. पुढे चीनमधील कारखान्यांनी त्याच धाटणीच्या कॅप्सूल स्वस्तात बनवल्या. पण अनेक मायक्रोफोनांत त्यांच्या जोडीला हा तोल साधणारा परिपथ दिला नाही. परिणामी 'स' आणि 'श' कानाला टोचू लागले. अर्धे तंत्र उचलले आणि अर्धे सोडले की काय होते, याचे हे उत्तम उदाहरण. हौशी तंत्रज्ञांनी दोष नेमका ओळखला, परिपथ बदलला आणि त्याच स्वस्त धडातून सुश्राव्य आवाज मिळवला.

आता निवडीचे निकष सहज उलगडतात. पहिला निकष विद्युत आवरणाचा. कॅप्सूलशी जोडलेला परिपथ अतिउच्च रोधाचा असल्यामुळे घरातील विजेच्या तारांची गुणगुण तो चटकन पकडतो. म्हणून जाळी, नळकांडे, तळ आणि जोडणीची पहिली पिन यांच्यात अखंड विद्युत संपर्क हवा. मल्टिमीटर लावला की एका मिनिटात निकाल लागतो. पुष्कळदा दोन भागांमधील रंगाचा थरच संपर्क तोडतो. तो खरवडला की गुणगुण थांबते. दुसरा निकष जाळीचा. डोके ऐसपैस असावे. दाट जाळीचे अनेक थर आणि समांतर सपाट बाजू ध्वनी आतल्या आत परावर्तित करून आवाजाला डबीतल्यासारखा रंग देतात. आतील थर काढल्यास आवाज मोकळा होतो; पण श्वासाच्या झोतापासूनचे आणि रेडिओलहरींपासूनचे संरक्षण घटते. येथे तडजोड अटळ आहे. तिसरा निकष जागेचा. सुमारे ३४ मिलिमीटरची मोठी कॅप्सूल बसवायची, तर तिचा आधार, परिपथाची पट्टी आणि ध्रुवण-व्होल्टता निर्माण करणारा भाग या साऱ्यांना वाव हवा. चौथी परीक्षा सर्वांत सोपी : नळकांड्यावर बोटाने टिचकी मारावी. घंटेसारखा नाद घुमला, तर आतून रबर किंवा नमदा चिकटवणे भाग आहे. निर्वात नळ्यांच्या मायक्रोफोनांत मात्र प्राणघातक व्होल्टता असते. नवशिक्याने त्यांच्या वाटेस जाऊ नये.

भारताला ही वृत्ती परकी नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, बेंगळुरूचा एस. पी. रोड या बाजारांत जुन्या यंत्रांच्या सुट्या भागांवर हौशी तंत्रज्ञांच्या पिढ्या शिकल्या. अटल नवोन्मेष अभियानाखाली शाळाशाळांत टिंकरिंग प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आणि २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५०,००० प्रयोगशाळांची घोषणा झाली. या प्रयोगशाळांत तयार संच जोडून दिवा पेटवणे एवढेच घडले, तर हाताला सवय लागेल, बुद्धीला नाही. एखादी स्वस्त वस्तू उघडून तिच्यात काय चांगले, काय उणे आणि ते का, हे मोजून ठरवता येणे हे खरे विज्ञानशिक्षण होय. त्यासाठी एक जुना मायक्रोफोन, एक मल्टिमीटर आणि चुका करण्याची मुभा पुरेशी आहे.

वेंटला आपल्या उपकरणातून ध्वनीची तीव्रता अचूक मोजायची होती. सुंदर दिसणारे धड त्याच्या मनातही नव्हते. शंभर वर्षांनंतर धड सहज मिळते आणि मोजमापाची जिज्ञासा दुर्मीळ झाली आहे. कवच उसने घेता येते. ऐकणारा कान आणि विचारणारे मन मात्र ज्याचे त्यालाच घडवावे लागते.